गाडीमागचा खोंड

टोचन म्हणजे काय ते बेळगावच्या उद्यमबागेतल्या, म्हणजे गॅरेज-कारखान्यांच्या वस्तीतल्या, कुठल्याही मेस्त्रीला विचारा. बंद पडलेली गाडी दोरानं बांधून दुसऱ्या गाडीमागं ओढत आणायची, ते टोचन. शब्दातच नामुष्की आहे. ‘टोचन करून आणली’ म्हटलं की ऐकणारा आधी च्च करतो, मग इंजिन बसलं की गिअरबॉक्स गेला ते विचारतो. त्यामुळं गेल्या दिवाळीत जेवताना पुतण्या म्हणाला, ‘काका, टोचन करायला एक चांगली पिकअप बघूया. जुनी चालेल, पण फोर बाय फोर पाहिजे,’ तेव्हा माझा हात ताकाच्या वाटीवरच थांबला.

‘चांगली गाडी टोचन कशाला करायची रे?’

तो नुसता हसला. पुढचे सहा महिने मी त्याच्यासाठी जुन्या गाड्यांच्या पोटाखाली सरपटत होतो.

हा पुतण्या चौदा वर्षं ॲरिझोनात होता. २०२२ साली बायको-मुलीला घेऊन बेळगावला परत आला. काम संगणकावरचं, ते टिळकवाडीतल्या माडीवर बसूनही होतं. येताना तिकडची एक हौस बरोबर आणली होती, चाकावरच्या घराची. वर्षभरानं त्यानं एका टेम्पो ट्रॅव्हलरवर तसलं घर बांधून घेतलं. आत दोन झोपायच्या जागा, ओटा, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी, संडास, छतावर सोलर. पासिंगसुद्धा रीतसर. आमच्या गल्लीत मात्र तिला अजून ‘पिक्चरवाल्यांची गाडी’ म्हणतात. सुरुवातीला दोन पोरं कुठली नटी आली ते बघायला आली होती, त्यांना काकूनं, म्हणजे आमच्या हिनं, पोहे दिले.

या घराची अडचण पहिल्याच सफरीत कळली. जागा बघून गाडी लावली, चाकाखाली ठोकळे देऊन समतल केली, बाहेरचा पडदा ताणला, खुर्च्या मांडल्या. मग लक्षात आलं की दूध नाही. दुधासाठी जायचं तर खुर्च्या आत, पडदा गुंडाळा, ठोकळे काढा, ओट्यावरची भांडी बंद करा, अख्खं घर घेऊन दुधाला जा. त्यात आमचा खानापूर तालुका. मुख्य रस्ता सोडून आत शिरलं की पावसाळ्यात जांभ्याची लाल राड, वर झाडांच्या फांद्या, आणि वाट एवढीच की समोरून म्हैस आली तर मागं कोण जाणार याचा विचार म्हैस करत नाही.

अमेरिकेत याला तोड आहे, आणि ती तिथं इतकी सर्रास आहे की हमरस्त्यावर दर तासाला दिसते म्हणे. मोठ्या घरगाडीच्या मागं एक छोटी गाडी, चारही चाकं रस्त्यावर टेकलेली, आत कोणी नाही, आपली धावतेय. ओढलेली या अर्थाचा त्यांचा शब्द आणि बेडकाचा शब्द उच्चाराला एकच, म्हणून त्या मागच्या गाडीला ते लाडानं ‘टोड’ म्हणतात. मुक्कामाला पोचलं की बेडूक सोडायचा आणि त्यातून गावभर फिरायचं. हे दोराचं काम नाही. मागच्या गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, पुढून एक लोखंडी पट्टी कायमची बसवतात. तिच्यात घरगाडीचा ए आकाराचा टो-बार अडकतो. बाजूनं दोन साखळ्या, बार तुटलाच तर. मागच्या दिव्यांना पुढून वायर. आणि ड्रायव्हरच्या पायाशी एक यंत्र, पुढच्यानं ब्रेक मारला की मागच्या गाडीचा ब्रेक दाबणारं. एवढं सगळं करून एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे रिव्हर्स. दोन मीटरसुद्धा मागं जायचं तर जोड सोडावा लागतो, नाहीतर मागच्या गाडीची पुढची चाकं वाकडी होऊन कातरीसारखं अडकतं.

हे तो सांगत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर आज्जाची बैलगाडी आली.

साल १९६७ असेल. मी दहा वर्षांचा. माघात आम्ही गावाकडनं सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गाडीनं जायचो. वाटेत दोन मुक्काम, डोंगरावर एक, परत येताना पुन्हा दोन. साट्यावर बांबूच्या कमानी, कमानींवर ताडपत्री, खाली कडब्याचा थर, त्यावर घोंगडं. मागच्या बाजूला पीठ, तांदूळ, तवा, रॉकेलची बाटली. खाली कण्याजवळ कंदील आणि वंगणाची नळी लटकायची. घरच होतं ते, फक्त सोलर नव्हतं. जोगुळभावीला अंघोळ आणि तिथनं चढाला लागलं की ‘उदं गं आई उदं’. आणि गाडीच्या मागं कासऱ्यानं बांधलेला खोंड. त्याला अजून जू लावलं नव्हतं. रस्त्याची, गर्दीची, हॉर्नची सवय व्हावी म्हणून आज्जा त्याला मुद्दाम गाडीमागं बांधायचा. बैल ओढतात ते गाडी. खोंड स्वतःच्या पायांनी येतो, पण कुठं जायचं ते त्याच्या हातात नाही. उतार आला की तो गाडीच्या अंगावर यायला बघायचा, चढाला कासरा ताणून धरायचा. म्हणून त्याच्याबरोबर कोणीतरी चालायला पाहिजे. ते काम माझं. सौंदत्तीपर्यंतचं निम्मं अंतर मी त्या खोंडाच्या बाजूनं, पुढच्या गाडीची धूळ खात चाललोय.

पुतण्याला सांगितलं तर म्हणाला, ‘एक्झॅक्टली काका.’ पण त्याला ब्रेकचं यंत्र आठवलं असणार, मला धूळ आठवत होती.

पहिली गाडी कोल्हापुरात बघितली. इसुझूची व्ही-क्रॉस, एमएच ०९. ही गाडी आपल्याकडं २०१६ ला आली आणि पिकअप म्हणजे भाजीची गाडी हा समज तिनं थोडा मोडला. पुतण्या तिच्या प्रेमात आधीच होता. दिसायला देखणी, यात वाद नाही. सव्वापाच मीटरच्या वर लांब, मागं स्वच्छ हौदा, पुढं कोणीतरी पाण्यातून जायला नाकाडं बसवलेलं. ते नाकाडं कधी पाण्याजवळ गेलं नव्हतं हे हौद्यातल्या कार्पेटवरनं कळत होतं.

मी आत बसलो आणि फोर बाय फोरचा दांडा शोधला. दांडा नाहीच. गोल खटका, रेडिओच्या बटणासारखा. टू एच म्हणजे दोन चाकांना जोर, फोर एच म्हणजे चारही चाकांना, फोर एल म्हणजे चारही चाकांना पण सावकाश आणि जास्त ताकदीनं. पुतण्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. न्यूट्रल नाही.

आता हे जरा सांगावं लागेल, कारण सगळं घोडं इथं अडतं. गिअर न्यूट्रलला टाकला की गाडी मोकळी झाली असं आपण समजतो. ढकलताना ते खरंही आहे. पण इंजिन बंद ठेवून ती चाकांवर शंभर किलोमीटर ओढली तर मागची चाकं फिरतात, चाकं प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडनं त्यांच्याकडं येणारा लांब दांडा, फिरवतात, आणि तो शाफ्ट गिअरबॉक्सचं मागचं टोक फिरवत राहतो. गिअरबॉक्समध्ये तेल वर उडवायचं काम बहुतेक गाड्यांत खालचे, तेलात बुडालेले गिअर करतात, आणि ते इंजिनबरोबर फिरतात. इंजिन बंद, म्हणजे ते स्थिर. वरची बेअरिंगं कोरडी फिरतात. पहिल्या सफरीला काही होत नाही. कुठल्या सफरीला होईल ते बेअरिंग ठरवतं. म्हणून तिकडं फोर बाय फोर गाड्यांना मागणी: त्यांच्यात गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. त्या पेटीला जर स्वतःचा न्यूट्रल असेल तर चाकं आणि गिअरबॉक्स यांचा संबंधच तुटतो. जीप रँग्लर तिकडं बेडूक म्हणून सगळ्यात लाडकी, ती याच एका अक्षरामुळं. दांड्यावरच्या एन या अक्षरामुळं.

डोंगर चढण्यासाठी केलेली यंत्रणा तिथले लोक गाडी निमूट मागं यावी म्हणून विकत घेतात, याची मला गंमत वाटली होती. अजून वाटते.

व्ही-क्रॉस तिथंच सोडली. सोडायला दुसरंही कारण होतं, आणि ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. एमएच गाडी बेळगावात स्वस्त पडते असं सगळे म्हणतात. पडते, पहिल्या दिवशी. मग कोल्हापूरची एनओसी, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, इकडं नवा नंबर, कर्नाटकचा उरलेल्या वर्षांचा रस्ता कर, आणि महाराष्ट्राकडं भरलेला परत मागायचा अर्ज. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ४७ आहे: दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की नंबर बदलायचाच. आमच्या गल्लीत एमएच नंबरच्या कितीतरी गाड्या अशा आहेत की ज्यांचे बारा महिने कधी भरतच नाहीत. मालक म्हणतो, परवाच निपाणीपलीकडं जाऊन आलो. आणि सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या एसट्या कोगनोळीच्या आसपास थांबतात, तेव्हा पाटीवरची दोन अक्षरं अंगावरच्या कपड्यांसारखी जाणवायला लागतात. त्या दिवसात मी एमएचवाल्यांना गाडी दारात आडवी लावताना बघितलंय, पाटी भिंतीकडं करून.

मधे कॅम्पातनं कोणीतरी लष्कराच्या लिलावातली जिप्सी दाखवली. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळं जिप्सीचे भक्त इथं भरपूर. तिचा मागचा भाग कापून हौदा केला होता. दांडा होता, एन होता, पण कागद जिप्सीचे आणि गाडी पिकअप. आमच्याबरोबरचा मेस्त्री म्हणाला, ‘ही पासिंगला नेली तर गाडी तिथंच राहील, तुम्ही रिक्षानं या.’ पाच मिनिटांत तिथनं निघालो.

मग गोकाक.

गोकाकच्या अलीकडं रस्त्याला लागून एक पटांगण, त्यात वीसेक जुन्या गाड्या उन्हात उभ्या. आमची म्हणायची ती कोपऱ्यात: महिंद्राची बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर, केए ४९, पिवळी पाटी, २०१४ ची. एका कंत्राटदाराकडं होती. एजंट चांगला बोलका होता.

‘गाडी छलो ऐत्री,’ तो म्हणाला. ‘इंजिन मुट्टिल्ला.’

गाडी उत्तम आहे, इंजिनला हात लावलेला नाही. आमच्या मेस्त्रीनं डिपस्टिक काढून बघितली आणि मला मराठीत म्हणाला, ‘इंजिनचं माहीत नाही, ऑइलला मात्र नक्की हात लावलेला नाही.’

मी बॉनेटवर तळहात ठेवला. कोमट. आम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या फटक्याला कसं चालू होतं हे जुन्या डिझेलचं खरं बोलणं असतं; ते आम्हाला ऐकू द्यायचं नव्हतं. आम्ही काही बोललो नाही. समोर चहाची टपरी होती, तिथं जाऊन बसलो. एक चहा. मग मिरची भजी. मग दुसरा चहा. एजंट दोनदा येऊन गेला. पुतण्या घड्याळ बघत होता, त्याला तिकडची सवय, वेळ ठरवून गेलं की वेळेवर उठायचं. मी म्हटलं, बस. बोरं खा. दोन तासांनी बॉनेट गार पडलं तेव्हा उठलो. चार फटक्यांत चालू झाली, निळसर धूर, मग साफ. वर ऑइल भरायचं टोपण सैल करून नुसतं ठेवलं. ते जागेवर थरथरलं, उडालं नाही. मेस्त्रीनं मान हलवली. पासष्ट टक्के, असा त्याचा अर्थ.

मग चासी. हे काम मी स्वतः करतो, चाळीस वर्षं लेथ चालवल्यावर कान तेवढा राहिलाय. गोणपाट टाकून खाली शिरलो. चासीच्या आतल्या अंगाला लाल मातीचा थर बसला होता, ओली राहून वाळलेली, पुन्हा ओली झालेली. लोक धुतात ती बाहेरची बाजू. पेचकसनं खरवडत गेलो आणि छोट्या हातोडीनं ठोकत गेलो. टण्, टण्, टण्. मागच्या पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, हँगरपाशी आवाज बदलला. थप्. तिथं कोणीतरी पट्टी मारून वेल्डिंग केलं होतं आणि वरनं काळा रंग. वेल्डिंग वाईट नव्हतं. मी बोट फिरवून बघितलं, एकसारखी लाट होती, मन लावून केलेलं काम. तडा वजनानं गेला होता, गंजानं नाही. दगड वाहिले असणार. दारांना लोहचुंबक लावला तर डाव्या मागच्या दाराला तो चिकटेचना. तिथं पत्र्याऐवजी बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. दाराचं काय, दार ओढत नाही.

मागच्या डिफ्रन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचा, बोल्ट काढून मेस्त्रीनं तेल अंगठा आणि बोटात चोळलं आणि ते उन्हात धरलं. लुगड्याच्या जरीसारखं चमकलं तर गिअर झिजलेत. चमकलं नाही. नुसतं काळं होतं. मीटरवर एक्क्याऐंशी हजार किलोमीटर होते. क्लचच्या पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड गुळगुळीत झालं होतं. मी मीटरकडं परत बघितलं नाही.

शेवटी दुसरा दांडा. तो हलेना. वर्षानुवर्षं कोणी हलवलाच नव्हता. फोर बाय फोरचे पैसे दिलेले आणि कधी वापरलेलं नाही. मेस्त्रीनं खालून तेल मारलं, गाडी दोन फूट पुढं दोन फूट मागं केली, दांड्याला एक शिवी दिली, आणि तो कर्र करून फोर एचला गेला. मग फोर एल. मग मधे, एन.

‘आता बघा,’ तो पुतण्याला म्हणाला. इंजिन बंद केलं. पहिला गिअर टाकला. हँडब्रेक सोडला. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, ती जागची हलायला नको. त्यानं मला खूण केली. मी हौद्याला एक हात लावून जोर दिला आणि पावणेदोन टनांची ती धूड लोण्यातनं निघाल्यासारखी पुढं सरकली. गिअर घातलेला, आणि गाडी मोकळी. पुतण्याचा चेहरा त्या क्षणी चौदा वर्षांचा झाला होता. एजंटनं तो चेहरा बघितला आणि भाव तिथंच पक्का झाला. साडेचार लाख म्हणत होता, तीन साठला सुटली. मी एकटा असतो तर तीन वीस.

पिवळी पाटी असल्यानं चुलते-पुतणे जरा बिचकले होते. पण राज्य एकच, एनओसीची भानगड नाही, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नाव बदललं. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस, तो करायचा. माझं लायसन साध्या चारचाकीचं. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला तेच चालतं असं सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सांगितलं आणि २०२४ ला घटनापीठानं कायम केलं. हे मला आरटीओच्या दारातल्या एजंटनं सांगितलं, निकालाच्या तारखेसकट.

गाडी आली, पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं. आता टो-बार. उद्यमबागेत एक जुना कारागीर आहे, आयुष्यभर ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांचे हूक आणि दांड्या करत आलेला. पुतण्यानं त्याला मोबाइलवर अमेरिकेतले फोटो दाखवले. त्यानं ते बोटांनी मोठे करून करून बघितले, जोडांचं कौतुक केलं, आणि चष्मा काढून म्हणाला, ‘करून देतो. पण हे आपल्यात चालत नाही की.’

‘का? डबल ट्रॉली चालते की रस्त्यावर.’

‘ट्रॉलीला तिचा स्वतःचा नंबर असतो. ही गाडी हाय.’

त्याचं बरोबर होतं. त्या रात्री मी नियमच काढून वाचले. हे काम सहा महिन्यांपूर्वी करायचं होतं, पण तेव्हा आम्ही गाड्यांखाली होतो. १९८९ च्या रस्ता नियमांत टोचनवर एक अख्खा नियम होता. ओढायची ती गाडी बिघडलेली पाहिजे, किंवा अर्धवट जोडलेली, किंवा नोंदणी झालेला ट्रेलर. तीही गॅरेजपर्यंत किंवा पोचवण्यापुरती. मागच्या गाडीच्या सीटवर माणूस पाहिजे, नाहीतर तिची पुढची चाकं उचललेली पाहिजेत. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. मागच्या गाडीवर पांढऱ्यावर काळ्या अक्षरात ‘ऑन टो’, अक्षरं पंचाहत्तर मिलिमीटरपेक्षा लहान नकोत. वेग ताशी चोवीस किलोमीटर. २०१७ साली ही नियमावली बदलून नवी आली, पण टोचन बिघडलेल्या गाडीचं, हा पाया तोच राहिला.

म्हणजे चांगली गाडी ओढता येत नाही. दिवाळीत ताकाच्या वाटीवर हात ठेवून मी तेच विचारलं होतं, पण त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही. मेस्त्रीनं एक तोडगा सुचवला: ‘एक नट ढिला करतो, गाडी बिघडली. पोचल्यावर आवळायचा.’ तो विनोद करत होता असं मी धरून चाललोय.

पुतण्या दोन दिवस गप्प होता. ट्रेलर घ्यावा, त्यावर पिकअप चढवावी, असं त्यानं हिशेब करून बघितलं. पिकअप आणि ट्रेलर मिळून ट्रॅव्हलरला घाटात झेपणारं वजन नव्हतं. चोर्ल्याच्या उतारावर मागनं अडीच टन ढकलतायत आणि पुढं चहाच्या कपांचं घर, हे चित्र मी त्याला नीट रंगवून सांगितलं. मुळात माझा जीव त्या ब्रेकच्या यंत्रावर कधी बसलाच नव्हता.

या दरम्यान एक फजिती झाली, तीही सांगून टाकतो. पिकअप आमच्या शेतावर होती, उतारावर. भाऊबंद बघायला आले तेव्हा मी त्यांना ती एका हातानं ढकलायची जादू करून दाखवली, तीनदा. मग सवयीनं पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि सगळे चहाला आत गेलो. दुसरा दांडा एनवरच होता. पहिला गिअर घातलेला, पण त्याचा चाकांशी संबंधच नाही, आणि हँडब्रेकची केबल ताणून ताणून सैल पडलेली. अर्धा चहा झाला असेल, बाहेरून म्हातारी ओरडली, ‘अगं बाई, गाडी चालली की!’ पळत गेलो तर ती सावकाश, बिनआवाज, बांधाच्या कडेनं उतरत होती, कोणी तरी अंतर्धान पावलेला ड्रायव्हर चालवतोय अशी. गवताच्या गंजीत तोंड घालून थांबली. गंजी चुकली असती तर खाली विहीर. काकूनं त्या दिवशी काही म्हटलं नाही. रात्री मात्र, ‘दांडा बघितला काय?’ असं विचारून दिवा घालवला. अजून विचारते. मी आता दरवाजाला कडी लावली तरी विचारते.

निर्णय असा झाला नाहीच, तो आपोआप होत गेला. पिकअप कोणीतरी मागनं चालवत आणायची. सूनबाईला इकडच्या रस्त्यावर अजून धीर नाही. राहिलं कोण?

दसऱ्यानंतर पाऊस उघडला तेव्हा आम्ही निघालो. जांबोटीमार्गे कणकुंबी. पुढं ट्रॅव्हलर, मागं कॅम्पर, कॅम्परमध्ये मी आणि काकू, हौद्यात पाण्याची दोन पिंपं, सायकली, आणि काकूच्या हट्टाखातर एक पाटा-वरवंटा. पिरनवाडी सोडली की रस्ता हळूहळू हिरवा होत जातो. जांबोटीला खाजा घ्यायला थांबायचं होतं, पुढची गाडी थांबली नाही. मागच्याला कुठं थांबायचं ते ठरवता येत नाही. मी हॉर्न दिला, काकूनं हात हलवला, पुढं आरशात कोणी बघत नव्हतं.

कणकुंबीला माउलीच्या देवळाशी मलप्रभेचा उगम आहे. आज्जाच्या गाडीनं सौंदत्तीकडं जाताना आम्ही जी मलप्रभा बघायचो, चांगली रुंद, बैलांना थांबवून पाणी पाजायला लावणारी, ती इथं एका कुंडात बसलेली असते. ओळखीच्यांच्या माळावर ट्रॅव्हलर लावली, ठोकळे दिले, पडदा ताणला. मग दुधासाठी कॅम्पर काढली. आतल्या वस्तीची वाट ओली होती, एका ओहोळात पुढची चाकं रुतली. फोर एल टाकला. कर्र झालं नाही, आता दांडा सैल झालाय. गाडीनं एकदा अंग झटकलं आणि वर आली. काकूनं दुधाची किटली मांडीत दोन्ही हातांनी धरली होती, एक थेंब सांडू दिला नाही. बघणारं कोणी नव्हतं याचं मला वाईट वाटलं.

परतीच्या दिवशी सकाळी नात मागच्या काचेशी काहीतरी चिकटवताना दिसली. आठ वर्षांची आहे, ॲरिझोनात जन्मलेली, मराठी बोलते पण बेडकाला अजून ‘टोड’ म्हणते आणि कॅम्परलाही. निघालो आणि जांबोटीच्या अलीकडं ट्रॅव्हलर चढाला हळू झाली तेव्हा मला ते वाचता आलं. पांढऱ्या कागदावर काळ्या रंगानं, प्रत्येक अक्षर पट्टी लावून मोजलेलं: ऑन टो. खाली माझ्याकडं दाखवणारा बाण. काचेतनं तिनं एक हात वर केला, आणि पाचही बोटं दाखवली.

मी अंतर जरा वाढवलं. पुढच्या गाडीची धूळ नव्हती, पण सवय आहे.